साउथ पार्क स्ट्रीटच्या थडग्यांना सिमेंट लावू नका

गिलावा:
काल कुणीतरी लिहिलं, ‘कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी ही गोऱ्यांची अडगळ. जतन करायचंच तर सिमेंट थापा आणि विषय संपवा.’ राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. 1767 साली सुरू झालेल्या त्या आवारातली बहुतेक थडगी विटांची आणि चुन्याच्या गिलाव्याची. जमिनीतली ओल विटेतून वर चढते, चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद होते. मग लोणा (ओलीसोबत येणारे क्षार) विटेच्या पोटात धरतो, विटेचा भुगा होतो आणि वरचा गिलावा पोपड्यांनी सुटतो. कळीचा चुना विरवून काही आठवडे मुरवा. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, थोडी सुरखी (विटांची पूड). थर 10-12 मिमीच्या वर नको, आणि आठवडाभर ओलं गोणपाट.

रोखठोक:
काल लिहिणारा मीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांसाठी एवढे लाड? चुन्याचे गवंडी आता आहेत तरी किती?

पिंपळपान:
नुसते कंपनीचे नोकर? 1831 मध्ये गेलेला कवी डेरोझिओ तिथेच आहे; कोलकात्यात जन्मला, हिंदू कॉलेजात शिकवायचा. एशियाटिक सोसायटी काढणारा विल्यम जोन्सही तिथेच. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी विसाव्या शतकात पाडली, ती आता कुणी परत आणणार आहे का? आणि गिलावा, चुन्यावर एवढं लिहिलंत, पिंपळावर एक ओळ नाही! घुमटाच्या सांध्यात रुजलेलं रोप ओढून काढतात, मुळासोबत विटा येतात. खोड बुडाशी कापा, ताज्या कापावर लगेच ब्रशने तणनाशक लावा. फुटवा आला की पुन्हा तेच. मुळं पूर्ण वाळल्यावरच करवतीने तुकडे करून काढा आणि पोकळीत चुन्याचा पातळ घोळ खालून वर भरत या.

रोखठोक:
म्हणजे झाडांवर विष! त्या गर्द सावलीमुळेच तर लोक तिथे जातात.

पिंपळपान:
नीट वाचा हो! जमिनीतल्या झाडांना हात लावा असं कोण म्हणालं? बांधकामावर उगवलेलं काढायचं. फांद्या घुमटांना घासत असतील तर तेवढ्याच छाटायच्या.

गिलावा:
पिंपळाचं राहिलं होतं, बरोबर. पण मुळं मेल्यावर भेग सिमेंटने बुजवली तर सगळी मेहनत वाया.

रोखठोक:
बरं, बांधकामावरचा पिंपळ काढा, तेवढं मान्य. पैशांबद्दल मत तेच आहे. काळवंडलेल्या संगमरवरी पाट्यांवर थोडं ॲसिड मारलं की झालं, त्यालाही कारागीर हवाय का?

गिलावा:
ॲसिड अजिबात नको! संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲसिडने तो विरघळतो आणि आधी अक्षरांच्या कडा जातात. तारेचा ब्रशही नको, लोखंडाचे कण अडकून गंजाचे डाग पडतात. आधी पाटी पाण्याने पूर्ण भिजवा, मग नायलॉनचा मऊ ब्रश, खालून वर. वाचायला खडू घासू नका. बॅटरीचा झोत बाजूने तिरका टाकला की झिजलेली अक्षरंही दिसतात.