न्यू जर्सीतून पेनसिल्वेनियात जातोय, होमस्कूलिंगचे नियम काय?

पालवी: मुलगी आता तिसरीत जाईल, घरीच शिकते. न्यू जर्सीत कुणाला काही कळवावं लागलं नाही. ऑगस्टच्या मध्यावर पेनसिल्वेनियात राहायला जातोय. तिथे सुरुवात कुठून करायची? अभ्यास मराठीतून घेतला तर चालतो का?

उंबरठा: शिकवायला लागण्याआधी राहत्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक शाळा-विभागाच्या सुपरिंटेंडंटकडे (प्रमुखाकडे) नोटरी केलेलं अ‍ॅफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र) द्या आणि पोच घ्या. १ ऑगस्टची मुदत पुढच्या वर्षांपासूनची, त्यामुळे ती हुकली म्हणून घाबरू नका. सोबत विषयवार उद्दिष्टं आणि लसीकरण-आरोग्य तपासणीचे कागद लागतात. भारतातल्या लसींच्या नोंदी असतील तर डॉक्टरांकडून आधीच तपासून घ्या, कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस हवेत. घरातल्या कुठल्याही प्रौढाला गेल्या पाच वर्षांत ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा झालेली नाही, हेही लिहून द्यायचं असतं. आजी-आजोबा सोबत राहत असतील तर तेही यात आले.

उद्दिष्टं मात्र थोडक्यात लिहा. त्यांवरून तुम्ही नियम मोडला असं सुपरिंटेंडंटला ठरवता येत नाही, मग पानंच्या पानं भरून काय उपयोग?

तिफण: खरं काम त्यानंतरचं. वर्षाला १८० दिवस किंवा पहिली ते सहावीसाठी ९०० तास भरले पाहिजेत. नोंदवही त्या त्या वेळी लिहायची, वाचलेल्या पुस्तकांची नावं त्यात हवीतच. 'गणित: दोन अंकी भागाकार, पान ४१' एवढी नोंद पुरते. जूनमध्ये आठवून आठवून भरायला बसलात तर पुस्तकांची नावंच आठवत नाहीत. नोंदवहीसोबत एका फाइलमध्ये लेखनाचे, गणिताचे नमुने सप्टेंबर, जानेवारी, मे असे अंतराने ठेवा, प्रगती तिथेच दिसते. आगीपासून सुरक्षितता हा सक्तीचा विषय बहुतेक जण विसरतात. घरातून बाहेर पडायच्या वाटांचा मुलीने काढलेला नकाशा फाइलला लावा.

तिसरीत वाचन-भाषा आणि गणिताची प्रमाणित चाचणी असते. ती आईवडिलांनी घ्यायची नाही, तेव्हा घेणारी व्यक्ती वेळेत शोधा. पुढे पाचवी आणि आठवीत पुन्हा.

पालवी: आणि ही फाइल डिस्ट्रिक्टला द्यायची?

उंबरठा: नाही, २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती घरीच राहते. इव्हॅल्युएटर, म्हणजे बहुधा दोन वर्षांचा अनुभव असलेले राज्याचे प्रमाणित शिक्षक, फाइल पाहतात, मुलीशी बोलतात. त्यांचं प्रमाणपत्र तेवढं ३० जूनपर्यंत सुपरिंटेंडंटकडे पोचवायचं. मार्च-एप्रिलमध्येच त्यांची वेळ ठरवा.

मराठीचं: सक्तीचे विषय इंग्रजीतूनच घ्यावे लागतात. मराठी वेगळा विषय म्हणून जरूर ठेवा आणि मराठी पुस्तकंही नोंदवहीत लिहा.