गुडघ्याखाली पाय नाही, लाकडी घाणा टाकायचाय आणि लग्नही करायचंय. सुरुवात कुठून करावी?

कोरेगावची_ताई

धाकटा भाऊ पायदळात नायक होता. सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गुडघ्याखाली गेला. वय ३१. वैद्यकीय कारणावरून घरी येऊन वर्ष होत आलंय. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसवलाय, चालतो चांगला. घरालगत १५ बाय २० फुटांची पत्र्याची खोली आहे, तिथे शेंगदाण्याचा लाकडी घाणा टाकायचं त्याचं पक्कं आहे. शेजारच्या गावातल्या मुलीशी लग्न करायचं हेही तेवढंच पक्कं. मुलगी तयार आहे, तिचे वडील मात्र "उद्याचं काय?" एवढंच विचारतात, आणि त्यांचं विचारणं चुकीचं नाही.

दिवसभर घाण्यापाशी उभं राहणं झेपेल का? खोलीची मांडणी कशी करावी? कर्जाचं काय? आणि मुलीच्या वडिलांना कागदावर काय दाखवता येईल? धीर द्यायला माणसं खूप आहेत, कामाचं सांगणारी हवीत.

अवयव_तंत्रज्ञ

ताई, झेपेल. मात्र ते पायापेक्षा सॉकेटवर, म्हणजे कृत्रिम पायाच्या ज्या खोबणीत स्टंप (उरलेला पाय) बसतो तिच्यावर, जास्त अवलंबून आहे.

स्टंप दिवसभरात आक्रसतो. सकाळी घट्ट बसलेलं सॉकेट दुपारी सैल होतं, पाय आत खालीवर व्हायला लागतो आणि नडगीच्या टोकाला किंवा बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या गाठीवर घासून फोड येतो. फोड बरा होईपर्यंत पाय घालायचा नाही, म्हणजे तेवढे दिवस धंदा बंद. म्हणून स्टंपवर घालायचे १ प्लाय आणि ३ प्लायचे मोजे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) कायम खिशात हवेत. सैल वाटलं की काम थांबवून तिथल्या तिथे एक मोजा चढवायचा, "हा घाणा उतरू दे, मग बघू" असं करायचं नाही. सगळे मिळून १० प्लायच्या पुढे मोजे लागायला लागले तर सॉकेट बदलायची वेळ आली असं समजा. पहिल्या वर्ष-दीड वर्षात स्टंप बारीक होतच जातो, त्यामुळे एकदा तरी सॉकेट बदलावं लागणार हे धरून चला. लायनर (स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) पिन-लॉकचं, म्हणजे खालच्या पिनेने सॉकेटमध्ये अडकणारं, असेल तर खाली भोक असलेलेच मोजे घ्या. मोज्याचा धागा पिनेत गेला की कुलूप नीट लागत नाही, आणि लागलं तर संध्याकाळी निघत नाही.

आता वजन. कृत्रिम पाऊल माणसाच्या वजनाच्या श्रेणीवर निवडलेलं असतं. ७० किलोच्या माणसाने ५० किलोचं पोतं उचललं की पावलावर १२० किलो येतात. पोतं त्याने उचलायचंच नाही. १२-१५ किलोची बादली चालेल, आणि तंत्रज्ञाला "रोज एवढं वजन उचलतो" हे आधी सांगायचं, म्हणजे पाऊल त्या हिशेबाने मिळेल.

बुटाची टाच बदलू नका. ज्या टाचेवर पायाची बांधणी केली, त्याहून उंच टाच घातली तर गुडघा पुढे ढकलला जातो, कमी घातली तर मागे ताणला जातो. सकाळी बूट आणि दुपारी सपाट चप्पल असं केलं की आठवड्यात गुडघा आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात. तेलकट फरशीवर न घसरणाऱ्या सोलचे, त्याच टाचेचे दोन जोड घ्या.

दुपारी २० मिनिटं पाय काढून बसायचं, घाम पुसायचा, आरशात स्टंपची खालची बाजू बघायची. लालसरपणा १०-१५ मिनिटांत गेला तर ठीक. नाही गेला तर त्या दिवशी पुन्हा पाय घालू नये. लायनर रोज रात्री सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा, आत पावडर टाकू नका. दोन लायनर आलटून पालटून वापरले तर उन्हाळा निभतो.

घाणेवाला_फलटण

मांडणीचं मी सांगतो. घाण्याचा एक भरा साधारण १२ किलो शेंगदाण्यांचा, ३ एचपी मोटर, ३५ ते ४५ मिनिटं. त्यातली उभं राहायची मिनिटं सुरुवातीची आणि शेवटची. मध्ये स्टुलावर बसून लक्ष ठेवता येतं. म्हणजे तंत्रज्ञ म्हणतात ती विश्रांती या धंद्यात आपोआप मिळते, पण स्टूल घाण्याच्या जवळ आणि मोटरचं बटण बसल्या हाताला हवं. बटण भिंतीवर लांब बसवलं तर दर वेळी उठून धावावं लागतं, आणि घसरणं नेमकं तेव्हाच होतं.

खोलीत गुळगुळीत फरशी लावू नका. खरखरीत कोबा, आणि घाण्याच्या भोवती तेल पाझरून जाईल अशी उथळ पन्हळ. सांडलेल्या तेलावर लगेच लाकडाचा भुसा किंवा राख. कृत्रिम पावलाला खालची ओल कळत नाही, तेल आहे हे माणसाला घसरल्यावरच कळतं. म्हणून उजेड भरपूर आणि भुशाची बादली दाराशी. मोटरच्या पट्ट्याला जाळी हवीच, पॅन्टचा मोकळा पायचा त्यात जायला वेळ लागत नाही. उंबरा काढून टाका आणि उतार करा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. गोदाम मागे ठेवू नका, पोत्याची गाडी दारातून थेट घाण्यापर्यंत यायला हवी.

सगळ्यात जड काम आहे पेंड काढणं. भरा संपला की पेंड उखळीला चिकटून बसते आणि वाकून सळईने उकरावी लागते. इथे एक मदतनीस ठेवा, अर्धा दिवस का होईना. रात्री पेंड आत ठेवली तर लाकूड आंबतं आणि दुसऱ्या दिवशीच्या तेलाला खवट वास लागतो. असा एक दिवस गिऱ्हाईक तोडायला पुरतो.

शेंगदाणे खूप कोरडे असतील तर पेंड भुगा होते आणि तेल सुटत नाही, तेव्हा पाण्याचा हलका हात द्यावा लागतो. पाणी जास्त झालं तर तेल गढूळ आणि फेसाळ येतं, नितळत नाही. किती ते दर मालाला वेगळं, पहिले पंधरा दिवस हात बसण्यातच जातात. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दाणे निवडून टाका, अफ्लाटॉक्सिन हे विष तिथेच असतं. तेल दोन-तीन दिवस टाकीत नितळू द्या, खालचा गाळ वेगळा काढा.

हिशेब असा मांडा, भाव तुमच्या बाजाराचे घाला. दाणे १२० रुपये किलो धरले तर १२ किलोचे १,४४०. तेल निघतं साधारण ४.८ किलो, म्हणजे सव्वापाच लिटर. पेंड ७ किलो, ४० रुपयांनी २८०. म्हणजे एका लिटरमागे दाण्यांचा खर्चच २२० रुपये. त्यावर वीज (एका भऱ्याला दीड-पावणेदोन युनिट), बाटली, मजुरी, हप्ता.

आणि खरी अडचण तेल काढण्यात नसते, खपवण्यात असते. रोज पाच भरे म्हणजे २६ लिटर, महिन्याचे २५ दिवस धरले तर ६५० लिटर. एक घर महिन्याला साडेतीन लिटर घेतं म्हटलं तरी १८५ घरं लागतात. सुरुवात दोन भऱ्यांनी करा, ७५ घरं बांधा. शेतकऱ्यांचे दाणे त्यांना किलोमागे मजुरी घेऊन गाळून द्या. त्यात माल अडकत नाही, भांडवल अडकत नाही. स्वतःचं विकायचं तेल मात्र सुटं विकता येत नाही, बंद बाटलीत आणि लेबलसह. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) आणि वैधमापन (वजनमापे) विभागाची पॅकर नोंदणी दोन्ही आधी, काट्यावर शिक्का मारून घेणंही आधी.

जाता जाता, वीज गावठाण फीडरवरची, म्हणजे वस्तीच्या लाइनवरची घ्या. शेतीच्या फीडरला थ्री फेज ठरावीक तासच असते.

कर्जफाईल

मशीन विकत घेऊ नका. थांबा. बहुतेक फाइली इथेच अडकतात: माणूस उत्साहाने आधी घाणा आणतो, मग अर्ज करतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम फक्त नव्या उद्योगाला आहे. बिलावर मंजुरीच्या आधीची तारीख दिसली की तो खर्च बाद होतो, कधी पूर्ण अर्जच. चालू वर्षाचे नियम आणि निधी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून मगच फाइल करा.

या योजनेत माजी सैनिक आणि दिव्यांग दोघेही विशेष गटात येतात. ग्रामीण भागात स्वतःचा हिस्सा ५ टक्के, अनुदान ३५ टक्के. ८ लाखांचा प्रकल्प असेल तर ४० हजार स्वतःचे, अनुदान २ लाख ८० हजार. हे अनुदान हातात येत नाही, बँकेत ३ वर्षं अडकून राहतं आणि तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही. उद्योग चालू असल्याची खात्री झाली की ते कर्जात वळतं. मध्येच बंद पडला तर परत जातं. ५ लाखांवरच्या प्रकल्पाला दहा दिवसांचं प्रशिक्षण लागतं. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही.

लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने दिव्यांगत्वाचा टक्का दिलेला असला तरी नागरी योजनांना युनिक दिव्यांग ओळखपत्र मागतात. ते जिल्हा शासकीय रुग्णालयातून वेगळं काढावं लागतं. ऑनलाइन अर्ज आधी, मग तपासणीची तारीख. हे आजच सुरू करा, कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर टांगलेलं आहे.

निवृत्तीवेळी मिळालेली एकरकमी रक्कम घाण्यात टाकू नका. ती सॉकेट, लायनर आणि घरखर्चाची.

कोरेगावची_ताई

मन भरून आलं. मशीनचं आगाऊ देणारच होतो, थांबवलं. लग्नाचं कुणी सांगाल का? भाऊ म्हणतो, मुलीला सगळं माहीत आहे. पण तिने पाय काढलेला अजून पाहिलेला नाही.

समुपदेशक_सातारा

मग ताई, पहिली गोष्ट तीच. लग्नाआधी, घरातलं कुणी मोठं आसपास असताना, त्याने तिच्यासमोर पाय काढावा, लायनर उतरवावं, स्टंप दाखवावा. पॅन्ट आणि बुटात चालणारा माणूस आणि रात्री एका पायावर कुबडी घेऊन संडासाला जाणारा माणूस एकच आहे. तिला दोघांशी लग्न करायचं आहे. तिने हात लावला तर लावू द्यावा, नाही लावला तर वाईट वाटून घेऊ नये.

तिला हे सांगितलेलं बरं: रात्री पाय काढूनच झोपायचं असतं. नसलेल्या पायात आग, मुंग्या, कळा येतात, हे खरं दुखणं आहे आणि त्यावर औषधं आहेत. फटाक्यांनी दचकणं, झोप मोडणं, चिडचिड असेल तर तेही झाकू नये. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मानसोपचार तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळते, आणि १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनशी मराठीत बोलता येतं. स्फोटात कानाला किंवा जांघेजवळ इजा झाली असेल तर त्याची तपासणी लग्नाआधी डॉक्टरांकडे करून निकाल दोघांनी मिळून वाचावा. पाय तुटणं मुलांमध्ये उतरत नाही, हे वडिलांना स्पष्ट सांगा. ते विचारणार नाहीत, पण मनात असतं.

न्हाणीघर लग्नाआधी करून घ्या: ४५ सेंटिमीटर उंचीचा भक्कम स्टूल, भिंतीत पक्का बसवलेला पाइप, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास. टॉवेलची दांडी धरून कुणी उठू नये, ती निघून येते.

एक मात्र सांभाळा. नवी सून म्हणजे फुकटची परिचारिका किंवा पेंड काढायचा मदतनीस असं कुणाच्या मनातही येऊ देऊ नका. मोजे, लायनर, जखम हे काम त्याचं. तिला घाण्याचा हिशेब किंवा विक्री बघायची असेल तर बघेल, तिची इच्छा असेल तर.

निवृत्त_सुभेदार

ताई, मुलीच्या वडिलांपुढे शब्द ठेवू नका, कागद ठेवा. पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, बँकेचं सहा महिन्यांचं पासबुक. त्याच्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, लग्न सेवेतून सुटल्यावर झालं असलं तरी. मात्र नाव चढवलेलं हवं. इथे लोक ढिलाई करतात आणि पुढे बाईला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

क्रम असा. लग्न झाल्यावर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंदणी, तीन साक्षीदार लागतात. तो दाखला, जोडफोटो, दोघांची आधार कार्डं, डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तिथून कागद लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसला जातात. लष्करी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवर पत्नीचं नाव, जन्मतारीख दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आधारवरचं माहेरचं-सासरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षरशः सारखं हवं. एका वेलांटीसाठी फाइल परत येते. मग तिचं ओळखपत्र आणि ईसीएचएस कार्ड.

दिव्यांग आणि अव्यंग यांच्या विवाहाला राज्य शासनाचं अनुदानही आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व, पहिलं लग्न, आणि लग्नापासून एक वर्षाच्या आत अर्ज. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात जायचं.

हाताला आणखी एखादं कसब हवं असेल तर खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट बघा. १९१७ पासून जायबंदी जवानांना शिकवते.

अवयव_तंत्रज्ञ

एक राहिलं, लग्नाच्या दिवसाचं. सप्तपदी अनवाणी असते आणि पायाची बांधणी बुटाच्या टाचेवर असते. टाचेशिवाय उभं राहिलं की तोल मागे जातो. १५ दिवस आधी केंद्रात जाऊन अनवाणी चालण्यासाठी टाचेखाली बसणारी पाचर करून घ्या, ती पावलावरच्या मोज्याच्या आत बसते, दिसत नाही. घरी चटईवर सात पावलं रोज चालून बघा, नवरीचा हात धरून. पाटावर मांडी घालताना सॉकेटची कड गुडघ्यामागे रुतते, म्हणून भटजींना आधीच सांगून दोघांना सारख्या उंचीचे चौरंग ठेवा. मंडपातल्या गालिच्याच्या घड्या चिकटपट्टीने बसवा. स्वागताला तीन-चार तास उभं राहू नका, मागे खुर्ची ठेवा, आणि जेवणाआधी पाच मिनिटं आत जाऊन स्टंपवरचा मोजा बदलायचा. तो मोजा कुणाच्या खिशात आहे हे सकाळीच ठरवा.