मदत हवी आहे: स्टोमाभोवतीचे केस कसे काढता? (वडिलांसाठी)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, विषय जरा अवघड आहे.

वडिलांचं (वय ६४) दिवाळीनंतर आतड्याचं ऑपरेशन झालं, इलिओस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड (स्टोमा) पोटावर काढलंय. टू-पीस वापरतो, चिकटणारी प्लेट वेगळी, पिशवी वेगळी. डिस्चार्जच्या वेळी सगळं शिकवलं, पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, मीठपाणी भरपूर वगैरे, पण अण्णांच्या पोटावर अस्वलासारखे केस आहेत त्याचं काय करायचं हे कोणीच बोललं नाही. ऑपरेशनच्या वेळी पोटावरचे केस काढलेले, म्हणून पहिले काही आठवडे बरे गेले. मग केस उगवले.

आता प्लेट काढली की केस उपटून निघतात. अण्णा आवाज काढत नाहीत, नुसती पलंगाची कड धरतात, बघवत नाही. वर केसांमुळे प्लेट धरतच नाही, चार दिवस टिकणारी दीड दिवसात एका कडेने सुटते, मग पातळ आत शिरतं आणि त्यात पाचकरस असतात ना, थोड्या वेळात कातडी लालबुंद. त्यात एप्रिल, नाशिकची थंड हवा आता फक्त बोलायला राहिलीय, घामाने उरलंसुरलं पण सुटतं.

माझे प्रताप पण सांगतो. गेल्या महिन्यात साबण लावून साधा रेझर फिरवला, उलटसुलट. दोन दिवसांनी केसाकेसाच्या मुळाशी लाल पुळी, काहींत पू. डॉक्टर म्हणाले फॉलिक्युलायटिस, लोशन दिलं, मलम नको म्हणाले कारण त्यावर प्लेट चिकटत नाही. तोवर इकडे आईने प्रेमाने खोबरेल लावून झालेलं! त्या रात्री प्लेट तीनदा सुटली, चादरी धुता धुता उजाडलं, पण आईला काय बोलणार.

ट्रिमर चालेल का? केस काढायचं क्रीम? आणि काम चालू असताना मधेच स्टोमातून आलं तर काय करता? अण्णा म्हणतात आपल्या नेहमीच्या न्हाव्याला बोलाव. बोलावू का खरंच?

प्रतिसाद १
अरे न्हावी नको, त्याचा वस्तरा दहा जणांवर फिरतो. माझी स्वतःची इलिओस्टॉमी आहे, सात वर्षं झाली, पोट तुझ्या अण्णांसारखंच. बॅटरीवाला ट्रिमर घे, फक्त त्यांच्यासाठी ठेव. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने, कोरड्या कातडीवर, गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नकोस, बारीक राहिले तरी चालतं. पुळ्या बसेपर्यंत रेझर बंद. केसांचं क्रीम तर अजिबात नको, आधीच सोललेल्या कातडीवर आग होईल. सकाळी चहाच्या आधी कर, तेव्हा पोट शांत असतं. स्टोमावर टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी उभी धर, कारण स्टोमाला वेदना कळत नाही, कापलं तरी अण्णांना पत्ता लागणार नाही.

नंतर साधं कोमट पाणी, टिपून कोरडं. ओलसर दिसेल तिथेच स्टोमा पावडर, जास्तीची झटकून टाक, वरून बॅरियर वाइप (कातडीवर पातळ संरक्षक थर देतो तो). आणि प्लेट ओढू नकोस, रिमूव्हरचा (चिकट सोडवणारा) स्प्रे मारून वरून खाली सोडव, दुसऱ्या हाताने कातडी दाबत. अजून एक, स्टोमा परत मोजलास का? पहिल्या दीड-दोन महिन्यांत तो आकसतो, जुन्याच मापाने भोक कापत असशील तर कातडी उघडी पडणारच. दोन-तीन मिलिमीटर सैल, बस. पुळ्या पसरल्या किंवा खाज सुटून आजूबाजूला बारीक ठिपके आले तर बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखव.

धागाकर्ता
काका, मोजला हो! मी अजून नोव्हेंबरच्याच मापाने कापत होतो, चांगलं अर्ध्या सेंटीमीटरचं अंतर, म्हणजे केसांना उगाच शिव्या घातल्या. (सगळ्याच उगाच नाहीत.) ट्रिमर आणला, नळीची आयडिया भारी. ही प्लेट आज तिसऱ्या दिवशी पण जागेवर आहे, पुळ्या सुकतायत. अण्णांचं म्हणणं, एवढी नीट दाढी तर माझी स्वतःची पण कधी करत नाही.

फक्त रिमूव्हरच्या वासाने त्यांना मळमळतं. बिनवासाचा इथे नाशिकच्या औषधबाजारात, गोळे कॉलनीत, कोणाला मिळालाय का?