मारिओला उडी मारायला बूट लागतात?

गोदाकाठ: काल इथे कुणी लिहिलं, 1993चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' उगाच बदनाम झाला, फार कल्पक चित्रपट आहे. वाचून डोकं तडकलं.

1981च्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेममध्ये मारिओ पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नावच जम्पमॅन होतं. उडी म्हणजेच मारिओ. आणि या सिनेमात मारिओ झालेला बॉब हॉस्किन्स उडी मारायला यंत्राचे बूट घालतो! गेममधला शत्रू गुंबा टाचेखाली चिरडायचा, इवलासा. सिनेमात तो कोट घातलेला धिप्पाड गडी आणि खांद्यावर लिंबाएवढं डोकं. त्याला कोण चिरडणार? खलनायक कूपा म्हणजे टाय लावलेला नट डेनिस हॉपर. राजा बुरशी होऊन शहरभर लोंबतोय. मारिओच्या भावाला, लुईजीला, तर मिशीच नाही. ज्यांनी हे काढलं त्यांना गेमची लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

सिडकोकर: ती पोस्ट माझी. गेममध्ये कथा होती कुठे? राजकन्या पळवली, आठ जगं पार करा, संपलं. यावर दीड तास काढून दाखव. उल्का पडून डायनासोरांचं जग वेगळं झालं, ही कल्पना मला आजही आवडते. आणि तो छोटा डायनासोर योशी! खरा यांत्रिक बाहुला, डोळे मिचकावणारा. दोन आठवड्यांनी 'ज्युरासिक पार्क' आला म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलं नाही.

मेनरोड: ओरिजिनल गेम खेळलात तरी का कुणी? आपण सगळे गेमच्या पिवळ्या डुप्लिकेट कॅसेटवाले. चालेना की काढायची, फुंकर मारायची, लगेच सुरू.

अंबड_पॅनेल: फुंकरीने काही होत नव्हतं. 18 वर्षं वायरिंग करतोय. कॅसेट काढून परत बसवली की पिना घासल्या जातात, म्हणून चालायची. तोंडाच्या वाफेने उलट गंज चढतो. खोडरबर आणि स्पिरिट वापरायचं.

मेनरोड: मला शिकवू नका. पावसाळ्यात पंचवटीतल्या आमच्या घरात भिंतींना ओल यायची, तरी दादाने फुंकलेली कॅसेट एकदाही अडकली नाही.

अंबड_पॅनेल: मग ती कॅसेट आज कुठे आहे?

मेनरोड: आईने भंगारात दिली. त्याचा काय संबंध?

अंबड_पॅनेल: माझी अजून चालते. कधीच फुंकली नाही. मोठ्या भावाने फुंकली तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नव्हतो.

गोदाकाठ: अरे, धागा सिनेमाचा आहे! सिडकोकर, कथा नव्हती म्हणतोस? 2023च्या ॲनिमेशनपटाने तीच राजकन्या, तेच मशरूम, तोच कूपा घेतला आणि 100 कोटी डॉलरच्या पुढे कमावले. मशरूम खाल्लं की मारिओ मोठा होतो, हे आठ वर्षांच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. 2007मध्ये खुद्द हॉस्किन्सने मुलाखतीत सांगितलं, आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम तेच.

सिडकोकर: त्याला शूटिंगमध्ये त्रास झाला, म्हणून मला सिनेमा आवडू नये? दहावीच्या सुट्टीत वडील आजारी होते, त्या रात्री आम्ही दोघांनी ही सीडी पाहिली. योशी दिसला तेव्हा ते हसले. मला वाईट म्हणवत नाही.

गोदाकाठ: हे आधी सांगायचंस ना.

सिडकोकर: सांगितलं असतं तर तू भांडला नसतास. बुटांचं मान्य. उडी त्याच्या पायातच हवी होती.

गोदाकाठ: योशी तुझा. मिशीवर मात्र मी मागे हटणार नाही.

मेनरोड: आणि फुंकर चालायचीच.