अंडरग्रॅव्हल फिल्टर काढून फेकावा का? एका सल्ल्याला उत्तर

तळठाव

नवा फिशटँक घेऊ पाहणाऱ्या एका सदस्याला काल या मंचावर सल्ला मिळाला की, 'अंडरग्रॅव्हल फिल्टर म्हणजे खड्यांखाली साठवलेले गटार आहे, ती प्लेट फेका आणि कॅनिस्टर घ्या.' (प्लेट म्हणजे टाकीच्या तळाशी, खड्यांखाली बसवलेली फटींची तबकडी, आणि कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर.) त्या प्रतिसादाला भराभर अनुमोदने मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या फिल्टरमध्ये पाणी शुद्ध करण्याचे काम प्लेट करीतच नाही, ते खडे करतात. प्लेटला जोडलेल्या उभ्या नळीत एअरस्टोन, म्हणजे पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा सच्छिद्र दगड असतो. त्याचे बुडबुडे नळीतले पाणी वर नेतात, त्या पाण्याची जागा घ्यायला टाकीतले पाणी खड्यांतून खाली झिरपते, आणि त्या अखंड प्रवाहातून मिळणाऱ्या प्राणवायूवर खड्यांना चिकटलेले जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वसाहत उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे मात्र दर महिन्याला मासे बादलीत काढायचे, खडे टबात ओतून नळाखाली पांढरेशुभ्र होईपर्यंत चोळायचे आणि सगळे पुन्हा मांडायचे, अशी रीत पडली आहे. उरलेसुरले जिवाणू नळातला क्लोरीन मारतो. म्हणजे महिन्याच्या महिन्याला फिल्टर आपणच मोडायचा आणि मासे दगावले की बोल प्लेटला लावायचा.

वास्तविक देखभाल अगदी साधी आहे. आठवड्याला वीस ते पंचवीस टक्के पाणी बदलताना सायफनचे रुंद तोंड खड्यांत थेट प्लेटपर्यंत खुपसावे. खडे आत उसळतात, तपकिरी गाळ वर निघून जातो, आणि नळीतले पाणी निवळले की तोंड उचलून शेजारी खुपसावे. एका वेळी तळाचा तिसरा हिस्साच घ्यावा. खडे तीन ते पाच मिलिमीटरचे असावेत, थर अडीच-तीन इंचांचा असावा आणि बुडबुडे मंदावले की एअरस्टोन बदलावा.

पाणवेल

तो सल्ला मीच दिला होता आणि आजही त्यावर ठाम आहे. आपण खड्यांविषयी लिहिलेत ते मान्य, पण प्लेटच्या खाली काय साचते याविषयी आपला लेख सोयीस्कर मौन पाळतो. घर बदलताना आमची जुनी टाकी मोडावी लागली, तेव्हा प्लेटखाली बोटभर जाडीचा काळा लगदा निघाला, आणि त्याला सडक्या अंड्यांसारखा असा वास होता की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. त्या टाकीचा वरून सायफन अगदी नियमित होत असे. जिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही, अशा जागेला मी फिल्टर म्हणणार नाही.

शिवाय अमेझॉन स्वोर्डसारखी वनस्पती लावली की तिची मुळे प्लेटच्या फटींत शिरतात, आणि नंतर ती उपटावी तर प्लेटच वर येते. ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्नसारखा मोठा मासा पाळावा तर तो खडे उकरून प्लेट उघडी पाडतो, मग पाणी खड्यांतून जाण्याऐवजी त्या खड्ड्यातूनच सरळ खाली जाते आणि बाकीचा तळ उपाशी राहतो. हा दोष तरी रचनेचा आहे की नाही?

तळठाव

ऑस्करचा मुद्दा बरोबर आहे. उकरणाऱ्या माशांना ही प्लेट देऊच नये, आणि वनस्पतींची हौस असणाऱ्यांनीही वेगळा विचार करावा. मात्र गाळाविषयी आपण एक साधी गोष्ट विसरता. एअरस्टोन बाहेर काढून त्याच उभ्या नळीतून बारीक पाइप प्लेटखालपर्यंत सोडता येतो आणि खालचा गाळ तिथूनच ओढून घेता येतो. टाकी मोडण्याची गरज पडत नाही. आणि गाळ काळा होऊन त्याला वास येत होता, याचा अर्थ तिथला प्रवाहच बंद पडला होता. प्राणवायू पोचतो तिथे गाळ तपकिरी राहतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो.

पाणवेल

म्हणजे पाइप पोचेल तेवढाच गाळ निघणार, प्लेटच्या चार कोपऱ्यांत साचलेला तसाच राहणार. चालू द्या.

गोदाकाठ

आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की तासन्‌तास येत नाही. अशा वेळी या फिल्टरचे काय होते, हे कृपया कोणी सांगेल का?

तळठाव

प्रवाह थांबला की खड्यांतले जिवाणू तिथला प्राणवायू काही तासांत संपवतात, आणि उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो मुळातच कमी विरघळलेला असतो. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जवळ ठेवावा. खंड फारच लांबला, तर पंप सुरू करण्याआधी नळीतून बादलीभर पाणी काढून टाकावे, म्हणजे खालचे दूषित पाणी माशांवर येणार नाही. पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला असेल, तर हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अवश्य बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर टाकीतले पाणी उलट जमिनीवर येते.

स्पष्टवक्ता

प्लेट आणि पाइप यांवर इतका खल चालला आहे, पण मूळ रोगाला कोणी हात लावत नाही. वास्तुशास्त्राच्या नावाखाली दीड फुटी टाकीत आठ सोनेरी आणि एक काळा मासा कोंबणारे लोक, आणि त्यांच्याकडे महिन्याला येणारा तो साफसफाईवाला! या माणसांना अमोनिया म्हणजे काय हे ठाऊक नसते, जिवाणू ठाऊक नसतात. खराटा आणि बादली एवढेच त्यांचे शास्त्र. आमच्या नात्यातल्या एका घरी असा महाभाग टाकी चकाचक करून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे गोल्डफिश तरंगत होते.

काचवाला

मी इथे सहसा लिहीत नाही, परंतु हे वाचून राहवले नाही. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात टाक्या साफ करण्याचे काम मी करतो, म्हणजे आपल्या भाषेत 'महाभाग' आहे.

खडे का धुतो ते ऐका. तिसऱ्या हिश्श्याचा सायफन करून, पाव टाकी पाणी बदलून मी निघालो, तर घरची मंडळी टाकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघतात, आणि 'एवढ्याचेच पैसे?' असा प्रश्न येतो. पांढरे खडे दिसले तरच काम झाले असे मानले जाते. तपकिरी खडा हा जिवंत खडा असतो, हे समजावण्याचा प्रयत्न मी पुष्कळ घरी केला आहे. त्यांतल्या काहींनी दुसरा माणूस लावला.

आता त्या तरंगणाऱ्या माशांविषयी. ज्या टाकीचे पाणी महिनोन्‌महिने बदललेले नसते, तिथे हेच जिवाणू आम्ल तयार करीत राहतात आणि पाण्याचा सामू (पीएच) घसरत जातो. सामू सातच्या खाली असला की अमोनियाचा जवळजवळ सगळा भाग निरुपद्रवी रूपात असतो, विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी. त्यात कोणी एकदम टाकीभर ताजे पाणी ओतले आणि सामू आठवर गेला, तर तोच भाग कित्येक पटींनी वाढतो. वर खडे धुतलेले, म्हणजे तो पचवणारेही कोणी उरलेले नसते. आपल्या नातेवाइकांनी त्याआधी पाणी कधी बदलले होते, हे एकदा विचारून पाहावे. खराट्याचे शास्त्र मला एवढेच येते.

स्पष्टवक्ता

रसायनशास्त्राच्या तासाबद्दल मनःपूर्वक आभार. परंतु हे सगळे ठाऊक असूनही आपण खडे धूतच असाल, तर अज्ञानी माणूस आपल्यापेक्षा बरा म्हणावा लागेल.

तळठाव

स्पष्टवक्ता, हे बोलणे अशोभनीय आहे. पैसे देणारा जे मागतो तेच त्याला मिळते. आपला राग असलाच, तर तो मागणाऱ्यावर असावा.

स्पष्टवक्ता

राग दोघांवरही असू शकतो. 'महाभाग' हा शब्द मागे घेतो, मत घेत नाही. आणि पाणी बदलण्याविषयी विचारले. उत्तर मिळाले की, 'बदलायचे कशाला, स्वच्छच तर दिसत होते.'

काचवाला

हल्ली खडे धुवायचेच असा हट्ट असेल, तर अर्धेच धुतो, तेही टाकीतून काढलेल्या पाण्यात, आणि उरलेले जागचे हलवत नाही. आणखी एक विनंती आहे. माशांना औषध म्हणून या टाकीत मेथिलिन ब्लू ओतू नका, त्याने जिवाणूंना इजा होते. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

पाणवेल, आपल्यालाही एक विचारायचे आहे. 'प्लेट फेका' हे लिहायला सोपे आहे, पण चालू टाकीतली प्लेट उपसली की खालचा सगळा गाळ एका वेळी पाण्यात मिसळतो आणि खड्यांबरोबर फिल्टरही जातो. त्या दिवसापासून मासे कशावर जगणार, हे आपल्या सल्ल्यात कुठे होते?

पाणवेल

नव्हते, कारण तो सल्ला नव्या टाकीसाठी होता. जुन्या टाकीत प्लेट काढायचीच असेल, तर नवा स्पंज फिल्टर किंवा कॅनिस्टर आधी तिच्या सोबतीने चार ते सहा आठवडे चालवावा, मासे दुसऱ्या भांड्यात हलवावेत आणि मगच तळाला हात लावावा. हे मी तिथे लिहायला हवे होते असे आपण म्हणाल, तर म्हणा. गोल्डफिशच्या साध्या टाकीला, आठवड्याला सायफन करणारा माणूस घरात असेल तर, ही प्लेट चालून जाईल. असा माणूस ज्या घरात आहे, ते घर मला अजून पाहायचे आहे.