मदत हवी आहे : ग्रहांच्या अभ्यासासाठी एमएस्सी कशात करावी?

नमस्कार मंडळी, मी शहापूर, बेळगावचा. थोरली बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भौतिक, रसायन, गणित. तिला दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर संशोधन करायचंय. परवा शेतातल्या विहिरीतून निघालेला काळा दगड टेबलावर ठेवून म्हणाली, "बाबा, असा बेसाल्ट चंद्रावरच्या काळ्या डागांतही आहे, मंगळावरही." मी बघतच राहिलो! पाहुण्यांचं आपलं एकच, बीएड करा.

अहमदाबादच्या पीआरएलमध्ये (भौतिक संशोधन प्रयोगशाळेत) ग्रहविज्ञान आहे, शिवाय त्यांच्या माउंट अबूच्या दुर्बिणीवरून परग्रहही शोधलेत, एवढं कळलं. पण तिथं पीएचडीला जायचं तर एमएस्सी भौतिकशास्त्रात करावी की भूशास्त्रात? भौतिकवाल्यांना दगडांच्या कामात घेतात का? पुण्याच्या आयुकात (खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत) किंवा पीआरएलमध्ये कुणाची पोरं असतील तर सांगा की ओ.