शब्दचर्चा: ‘बर्नआउट’ला मराठीत काय म्हणायचं? (उबग, शीण, हुरूप, स्वास्थ्य)

टाचण
नोकरदारांसाठीची एक प्रश्नावली मराठीत करायची आहे. मसुद्यात ‘बर्नआउट’ला ‘मनोदाह’, ‘मोटिव्हेशन’ला सगळीकडे ‘प्रेरणा’ आणि ‘वेल-बीइंग’ला ‘मानसिक आरोग्य’ असं योजलंय. वाचताना अडखळायला होतं. पर्याय सुचवा.

अनुस्वार
‘मनोदाह’ शीर्षकातसुद्धा नको, वाचणाऱ्याला मनस्ताप किंवा मत्सर वाटेल. मुळात एक शब्द शोधूच नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटचं वर्णन दिलं, त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि कामातली परिणामकारकता घटणं. तिथे तो आजार म्हणून नाही, नोकरी-व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून नोंदलाय. घरच्या काळजीने आलेल्या थकव्याला तो शब्द लावायचा नाही, हेही स्पष्ट आहे.

आता मराठीत बघा. ‘थकवा’ आणि ‘शीण’ पहिल्या गोष्टीचे. शीण ‘जातो’, ‘घालवता येतो’, म्हणजे विश्रांतीने उतरणारा. सुट्टीनंतरही जो उतरत नाही त्याला शीण म्हणणं मला पटत नाही. ‘उबग’ आणि ‘वीट’ दुसऱ्या गोष्टीचे, आणि त्यांना ‘कशाचा?’ हे सांगावंच लागतं: बैठकांचा उबग, त्याच त्या अहवालांचा वीट. तिसऱ्यासाठी तयार नाम नाही. ‘कर्तृत्वात घट’ हे फार भारदस्त होतं, त्यापेक्षा ‘हातून काही घडत नाही असं वाटणं’ सरळ आहे. ‘मरगळ’ टाळा. मरगळ ‘झटकायची’ असते, त्यामुळे दोष आपोआप कर्मचाऱ्याच्या आळसावर जातो.

निमित्तमात्र
सहमत, एक भर. तुटलेपणासाठी अनुवादक हमखास ‘अलिप्तता’ लिहितात. मराठीत अलिप्त माणूस कौतुकाचा असतो! ‘कोडगेपणा’ अर्थाने जवळचा आहे, पण स्वतःला कोडगा म्हणवून खूण कोण करेल? ‘तुटक वागणं’ घ्या. दिसणारी कृती आहे आणि शिवीही नाही.

‘मानसिक आरोग्य’ डॉक्टरी संदर्भात ठीक. वेल-बीइंगला मात्र ‘स्वास्थ्य’ घ्या. हिंदीच्या प्रभावाने हल्ली आपण स्वास्थ्य म्हणजे प्रकृती समजतो, पण ‘मनाला स्वास्थ्य नाही’ हा जुना प्रयोग नेमका हाच अर्थ देतो. आणि ‘निराशा’ व ‘नैराश्य’ एका अर्थाने वापरू नका. बढती हुकली की निराशा. नैराश्य हे निदान आहे, ते प्रश्नावलीवरून ठरत नाही.

टाचण
आणि ‘प्रेरणा’?

अनुस्वार
प्रेरणा ‘मिळते’, बहुधा थोरामोठ्यांकडून. रोजच्या कामाबद्दल विचारताना हा शब्द भाषणी वाटतो. कामातच रस असेल तर ‘गोडी’. कौतुकाने येतो तो ‘हुरूप’, तो मावळतोही लवकर. दीर्घकाळ टिकते किंवा खचते ती ‘उमेद’. ‘ईर्षा’ चढाओढीतून पेटते. मराठीत ती चांगल्या अर्थानेही चालते, पण हिंदी वळणाच्या वाचकाला मत्सरच वाटेल, म्हणून प्रश्नावलीत नको.

गोडी आणि पैशाचं आमिष वेगळं ठेवण्याला कारण आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ च्या प्रयोगांत कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेल्यांची, पैसे थांबल्यावर, मोकळ्या वेळातली ओढ घटली. शाबासकी मिळालेल्यांची तशी घटली नाही. दोन्ही प्रश्नांत ‘प्रेरणा’ छापलंत तर हा फरक उत्तरांतून निघणारच नाही.

आडवाटेने
शब्दांपेक्षा मोठा खड्डा नकाराचा आहे. विधान ‘मला कामात उत्साह वाटत नाही’ आणि उत्तराचा पर्याय ‘कधीच नाही’. मराठीत ‘कधीच’ आणि ‘नाही’ एकत्रच येतात, त्यामुळे ‘उत्साह कधीच वाटत नाही’ असं म्हणायचं असलेला माणूस हाच पर्याय निवडतो आणि गुण शून्य पडतात. सर्वांत त्रासलेला माणूस सर्वांत सुखी म्हणून नोंदला जातो. विधानं होकारार्थी ठेवा: ‘कामावर जाण्याआधीच थकल्यासारखं वाटतं’.

पर्यायही ‘क्वचित, अधूनमधून, कधीकधी, बऱ्याचदा’ असे नकोत. अधूनमधून जास्त की कधीकधी, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मासलाक यांच्या बर्नआउट मोजणाऱ्या प्रश्नावलीत ० ते ६ अशी वारंवारता असते: कधीच नाही, वर्षातून काही वेळा किंवा कमी, महिन्यातून एकदा किंवा कमी, महिन्यातून काही वेळा, आठवड्यातून एकदा, आठवड्यातून काही वेळा, रोज. तिची मूळ आवृत्ती २२ विधानांची आहे आणि वापरायला परवाना घ्यावा लागतो, परस्पर अनुवाद करू नका. तिच्या तीन भागांचे गुण एकत्र बेरजेत घ्यायचे नसतात. पहिल्या दोन भागांत (थकवा, तुटकपणा) जास्त गुण म्हणजे वाईट, तर तिसऱ्यात (कामातली परिणामकारकता) कमी गुण म्हणजे वाईट. ‘एकूण बर्नआउट’ म्हणून एक आकडा काढणारे अहवाल तिथेच फसतात.

फक्त स्वास्थ्य मोजायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची पाच विधानांची मोजपट्टी पुरे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, प्रत्येकी ० ते ५, बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण. सगळी विधानं होकारार्थी, त्यामुळे वरचा घोळ होत नाही.

टाचण
मग अनुवाद तपासायचा कसा?

आडवाटेने
मूळ न पाहिलेल्या माणसाकडून मराठीचा उलट अनुवाद करून घ्या आणि मुळाशी ताडून बघा. पण तेवढ्याने ‘अलिप्तता’ पकडली जाणार नाही, कारण ती उलट इंग्रजीत नेली की मूळ शब्दच परत येतो. म्हणून वेगवेगळ्या हुद्द्यांच्या पाच-सात जणांना एकेक विधान वाचायला द्या आणि ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. वरिष्ठांना त्या खोलीत बसवू नका, नाहीतर ‘उबग’ कुणी तोंडातून काढणार नाही.